चाप ओढून उघडतं ते पिस्तूल

आमच्या ब्लँटन फोर्क गावात माणूस मेला की तो कसा मेला हे आम्ही विचारत नाही. जे सांगितलं जाईल ते ऐकतो, मान हलवतो आणि त्याच्या घरी घेवड्याच्या उसळीचं भांडं पोहोचवतो. खाणीत गेला तर खाणीत गेला. छातीच्या रोगाने गेला तर त्याने गेला. आणि ‘बंदूक साफ करताना उडाली’ असं सांगितलं तर तेही खरं. हे शेवटचं ऐकताना आम्ही जरा खाली बघतो, एवढंच. पोलीस तेच लिहितो, पाद्रीबुवा तेच बोलतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेरच्या कुणी आम्हाला खोटारडे म्हटलं तर मी भांडायला उठेन, पण आहे हे असं आहे.

व्हर्लिन स्टॅम्पर या गावातल्या बंदुकांच्या दुकानात सव्वीस वर्षं काउंटरवर उभा होता. वय अठ्ठावन्न, बोलणं कमी, लग्न झालं नाही. त्याचा बाप अ‍ॅन्सेल बंदूक साफ करताना गेला होता. तेव्हा व्हर्लिन वीस वर्षांचा. त्यामुळे त्याने बंदुकांच्याच दुकानात नोकरी धरली याचं काही लोकांना नवल वाटायचं, पण केंटकीच्या या डोंगरात खाण बंद पडल्यावर नोकऱ्या होत्या तरी किती? आणि व्हर्लिन कामाला चोख होता. दुकानात आलेल्या माणसाला तो कधी घाई करायचा नाही.

त्याचं एक प्रवचन ठरलेलं होतं. पिस्तूल घ्यायला कुणी आलं की तो काचेखालून दोन काढायचा. दोन्ही काळी, दोन्हींचं अंग प्लास्टिकचं, दोन्हींचा घोडा बाहेर न दिसणारा, आतल्या आत ताणला जाणारा. वजन सारखं, गोळ्या सारख्या, किमतीत पोटभर जेवण्याइतकाही फरक नाही. उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे? गिऱ्हाईक एक उचलायचं, दुसरं उचलायचं, पुन्हा पहिलं उचलायचं आणि कापडाच्या दुकानात बसलेल्या बाईसारखं गोंधळून बघायचं.

मग व्हर्लिन सुरू करायचा. “फरक एकच आहे. हे पहिलं साफ करायला उघडायचं तर बाजूची कळ फिरवायची. सुटलं. हे दुसरं उघडायचं तर आधी चाप ओढावा लागतो. आता बघा, माणूस दमून घरी आलाय. मॅगझिन काढलं, वाटलं, झालं रिकामं. नळीत एक गोळी राहिलेली असते. चाप ओढला. पुढे पलीकडच्या खोलीत बायको भांडी घासतेय.”

“आमेन, रेव्हरंड स्टॅम्पर!” असं कुणीतरी ओरडायचं आणि दुकान हसायचं. पण मग ‘कशाला विषाची परीक्षा’ म्हणून बरेचजण कळवालंच घेऊन जायचे. चापवालं घेणारे दोन मिनिटं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, मी विसरणाऱ्यांतला नाही. बापाचं तसं झालं म्हणून बिचारा इतका जीव तोडून सांगतो, असं सगळे समजायचे. इतकी वर्षं सांगून सांगून व्हर्लिनलाही कधीकधी वाटायचं की बापाचं तसंच झालं होतं.

तसं झालेलं नव्हतं. त्या रविवारी आई चर्चला गेली होती. व्हर्लिन कोठारातून धावत आत आला तेव्हा स्वयंपाकघरात सगळं संपलेलं होतं, टेबलावर फक्त पिस्तूल होतं आणि बापाने नीट घडी घालून ठेवलेला चष्मा होता. बंदूक साफ करायला कोण चष्मा काढून ठेवतो? व्हर्लिनने चष्मा खिशात घातला. मग एक फडकं आणि तेलाची बाटली शोधून आणली आणि टेबलावर ठेवली. पोलिसाने येऊन फडकं बघितलं, बाटली बघितली, व्हर्लिनच्या तोंडाकडे बघितलं आणि वही उघडली. आई आली तेव्हा लिहूनही झालं होतं. हे व्हर्लिनने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच. आई अकरा वर्षांपूर्वी गेली. निदान तिला आपण वाचवलं, हे एक समाधान त्याच्या गाठीशी होतं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी हॉबर्ट कँट्रेल दुकानात आला. नाकात नळी, मागे दोन चाकांवर ऑक्सिजनचा सिलिंडर. हॉबर्ट व्हर्लिनच्या बापाबरोबर एकाच पाळीत खाणीत उतरलेला माणूस. तेव्हा बैल होता. आता कोळशाच्या धुळीने छाती भरली होती आणि दारापासून काउंटरपर्यंत यायला तीन ठिकाणी थांबावं लागत होतं.

“बस रे, उठू नको,” तो म्हणाला. व्हर्लिन उभाच होता. “माझ्यामागे हे कुत्रं बघितलंस? भुंकत नाही, पण सोडतही नाही.” त्याने सिलिंडरला लाथ मारल्यासारखं केलं.

“काय देऊ, हॉबर्ट?”

“पिस्तूल बघतोय. कोठारात साप फार झालेत.”

ऑक्टोबर अर्धा सरला होता. साप केव्हाच बिळात गेले होते. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाचे साप मोजायचे नसतात. व्हर्लिनने नेहमीची दोन काढली, दोन्हींचा वरचा भाग मागे ओढून आत बोट घालून दाखवलं की रिकामी आहेत, आणि काचेवर ठेवली.

हॉबर्टने एक हातात घेतलं. पकड अजून खाणवाल्याची होती. “हे बरं आहे.” दुसरं घेतलं. “हेही बरं आहे. अरे, ही तर जुळी पोरं! आई तरी ओळखते का यांना?”

“फरक एकच आहे,” व्हर्लिन म्हणाला.

“माहितीय, माहितीय. दहा वर्षं ऐकतोय तुझं प्रवचन.” हॉबर्ट श्वास घ्यायला थांबला. दोन्ही पिस्तुलांकडे बघत, जणू सहज विचारावं तसं त्याने विचारलं, “चाप ओढून उघडायचं ते कुठलं रे यातलं?”

व्हर्लिनने उजवीकडचं दाखवलं.

“मग मला ते दे.”

सव्वीस वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. त्या पिस्तुलाला तो फरक असूनही ते घेणारे पुष्कळ होते, पण त्या फरकासाठीच ते मागणारा हा पहिला. व्हर्लिनचा हात काचेवरच राहिला. मागच्याच आठवड्यात हॉबर्टचा पुतण्या हॉबर्टची हरणांवरची रायफल घेऊन दुर्बीण बसवायला आला होता. काकांनी दिली, म्हणाला. दुसरी जावयाला दिली, शॉटगन चर्चच्या लिलावाला दिली. घरातल्या सगळ्या बंदुका वाटून टाकलेला माणूस आज ताकाला येऊन भांडं लपवत होता.

व्हर्लिनला सगळं कळलं. टेबल दिसलं, घडी घातलेला चष्मा दिसला. आणि त्याच्या तोंडून काय निघालं? जे आमच्या गावात निघतं तेच.

“हे राखून ठेवलंय हॉबर्ट, दुसऱ्या कुणासाठी. विसरलोच मी.”

“मग आतून दुसरं आण.”

“संपलीत.”

हॉबर्टने त्याच्याकडे बघितलं. दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. दुकानदाराला मनात आलं तर कुणालाही नाही म्हणायचा हक्क असतो, कारण सांगायचं बंधन नसतं. पण नाही म्हणणं वेगळं आणि बोलणं वेगळं. व्हर्लिनने नाही म्हटलं, बोलला मात्र नाही. भित्रा कुठला! हॉबर्ट सिलिंडर ओढत, तीन ठिकाणी थांबत दारापर्यंत गेला आणि दारातून म्हणाला, “तुझा बाप फार चांगला माणूस होता हं.” व्हर्लिन काच पुसत राहिला.

दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. फोन उचलायचा आणि ठेवायचा. लुएलाला, म्हणजे हॉबर्टच्या बायकोला, काय सांगायचं? तुझा नवरा माझ्याकडे मरण विकत घ्यायला आला होता? असं कुणी सांगतं का? आणि आपली समजूत चुकीची निघाली तर? शुक्रवारी नक्की जाऊ, असं त्याने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी सकाळी दहाला लुएलाच दुकानात आली.

बुटकी, पासष्टीची, डोक्याला रुमाल, हातात पर्स आणि पर्समधून काढलेली चिठ्ठी. व्हर्लिनच्या आईची ती चर्चमधली मैत्रीण. दोघी मिळून गोधड्या शिवायच्या.

“व्हर्लिन, बाळा, तुझं आणि आमच्या म्हाताऱ्याचं कशावरून वाजलं रे? म्हणतो, त्या स्टॅम्परच्या दुकानात मी पाय ठेवणार नाही, तू जाऊन आण. निवडणुकीवरून भांडलात की काय?”

“नाही, मिस लुएला.” आमच्याकडे थोरल्या बायकांना, लग्न झालेल्यांनाही, मिसच म्हणतात.

“मग फुटबॉलवरून असणार. जाऊ दे. हे बघ, लिहून दिलंय त्याने.” तिने चष्मा लावला. “पिस्तूल. आणि कुठलं तेही लिहिलंय. दोन दाखवेल, सारखीच दिसतील, पण कळवालं घेऊ नको, दुसरं घे. खाली रेघ मारलीय बघ. मला मेलीला काय कळतंय? बाजारातून साधा साबण आणायला सांगितला तरी चुकीचा आणते म्हणतो.” ती हसली. “दाखव तरी मला. काय असा मोठा फरक आहे?”

व्हर्लिनने दोन्ही काढली नाहीत. त्याचे हात काचेखाली गेलेच नाहीत.

“मिस लुएला, हे कुणासाठी आहे?”

“त्याच्यासाठीच की. सापांसाठी.”

“बंदूक घेताना फॉर्म भरावा लागतो, त्यावर पहिलाच प्रश्न हा असतो, म्हणून विचारलं,” व्हर्लिन म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. पुन्हा आडोसा! पुन्हा फॉर्म, पुन्हा राखीव, पुन्हा संपलीत. ती समोर उभी होती, चिठ्ठी हातात, आणि घरी नवरा खिडकीतून तिची वाट बघत होता. आज हिला ‘फॉर्म तपासणारं मशीन बंद आहे, कागद पुढे जात नाहीत’ असं सांगितलं तर ती निमूट घरी जाईल. उद्या हॉबर्ट तिला वीस मैलांवरच्या दुसऱ्या दुकानात पाठवील. तिथल्या पोऱ्याला कोण अ‍ॅन्सेल आणि कुठला चष्मा? तो चिठ्ठी वाचून हसत हसत देईल.

तो काउंटरच्या बाहेर आला. सव्वीस वर्षांत गिऱ्हाईक असताना तो काउंटरबाहेर आला नव्हता. त्याने स्टूल ओढलं आणि तिला बसवलं.

“हॉबर्टला स्वतःला मारायचंय, मिस लुएला. मी त्याला विकलं नाही म्हणून त्याने तुम्हाला पाठवलंय.”

लुएलाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जायला जरा वेळ लागला, म्हणून ते बघवलं नाही.

“काहीतरीच काय. त्याला तेवढंच करायचं तर बंदुका वाटून कशाला टाकल्या असत्या?”

“रायफल साफ करताना उडाली, हे त्याच्यासारख्या पन्नास वर्षं शिकार केलेल्या माणसाबद्दल कुणी मानलं नसतं. हे पिस्तूल उघडायला चाप ओढावा लागतो. चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. तुम्ही लोकांना तसं सांगाल, लोक मानतील, पाद्रीबुवा तसं बोलतील. तुम्हाला मान खाली घालावी लागणार नाही. तुमच्यासाठीच करतोय तो हे.”

बाहेर लाकडाचा ट्रक गेला. काचा हलल्या आणि थांबल्या. लुएला चिठ्ठीची घडी करत होती. लहान, आणखी लहान.

“तरीच,” ती म्हणाली. “घरात आता एक बंदूक नाही, आणि स्वयंपाकघराच्या खणात बंदुकीच्या तेलाची नवी बाटली. फडकी पण. मी म्हटलं, विसरला असेल मेला.”

व्हर्लिनला बसायला दुसरं स्टूल नव्हतं. तो उभ्या उभ्या म्हणाला, “माझ्या बापाचं पिस्तूल साफ करताना उडालं नव्हतं. बाटली आणि फडकं मी ठेवलं होतं. आईला कळू नये म्हणून. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

वाटलं होतं, छातीवरची धोंड उतरेल. तसं काही झालं नाही. लुएला त्याच्याकडे अशी बघत होती, जसं कुणी फार उशिरा घरी आलेल्या पोराकडे बघतं.

“बाळा, तुझ्या आईला ते त्याच दिवशी कळलं होतं.”

“कसं शक्य आहे? पोलिसाने लिहून...”

“ती बाटली बंदुकीच्या तेलाची नव्हती रे. तिच्या शिलाई मशीनच्या तेलाची होती. तिच्याच मशीनच्या खणातून आणलीस तू.” लुएलाने त्याचा हात धरला. “दारातून आत आल्या आल्या तिने ओळखली. म्हणजे अ‍ॅन्सेलने ठेवली नाही, पोराने ठेवली, हेही कळलं. मला म्हणाली, माझ्यासाठी केलंय त्याने, आता मी त्याला कधी कळू देणार नाही. सत्तावीस वर्षं नाही कळू दिलं.”

व्हर्लिनला मशीन आठवलं. आई त्यानंतर मशीनवर बसली नव्हती. डोळे अधू झाले म्हणायची. गोधड्या हातानेच शिवायची, आणि हाताने शिवायला डोळे जास्त लागतात हे त्याला कधी सुचलंही नव्हतं. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायची, ती त्याला वाढायची, तो तिला. दोघंही एकाच माणसासाठी झुरत होती आणि एकदाही एकमेकांजवळ रडली नाहीत. तिला वाचवलं म्हणे!

लुएला उठली. चिठ्ठी पर्समध्ये टाकली, रुमाल सारखा केला. “मी एकटी घरी जाऊन त्याला काय बोलू? मला जमायचं नाही. मी चूल पेटवीन आणि गप्प बसेन. मी पण याच गावची आहे.”

व्हर्लिनने दुकानाच्या मालकाला फोन करून सांगितलं आणि दारावरची पाटी उलटी केली. सकाळचे साडेदहा वाजले होते. गावाने दुकान त्या वेळी बंद बघितलं आणि कोण गेलं म्हणून चौकशी सुरू केली.

हॉबर्ट ओसरीवरच बसला होता, पायांशी सिलिंडर. गाडीचं दार उघडलं तसा त्याने मान वर केली.

“आणलंस?”

“नाही,” लुएला म्हणाली. “व्हर्लिनला आणलंय. मी कॉफी टाकते. तुम्ही बोला. आणि हॉबर्ट, तू काही बोलला नाहीस ना, तर मी त्या खणातली बाटली तुझ्या टाळक्यात घालीन.” एवढं बोलून ती आत गेली आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज आला. चांगला मोठा, शेजाऱ्यांना जाईल असा.

हॉबर्टचं तोंड रागाने काळंनिळं झालं. “हरामखोरा, तिला सांगितलंस?”

“सांगितलं.”

“मला धुते-पुसते ती. सत्तर किलोचा माणूस उचलते रोज, पाठ गेलीय तिची. आणि रात्रभर माझे श्वास मोजत बसते. तुला काय कळतंय यातलं? ना बायको, ना पोर!”

“त्यातलं नाही कळत,” व्हर्लिन म्हणाला. “बाटलीतलं कळतं.”

मग त्याने सांगितलं. टेबल, चष्मा, मशीनचं तेल, आईचे डोळे अधू झाले ते. त्याला गोष्ट सांगता येत नाही; तो मागे-पुढे करत, अडखळत सांगत होता. मधे फक्त सिलिंडर फुसफुसत होता.

“मला वाटायचं,” हॉबर्ट शेवटी म्हणाला, “तुम्हा मायलेकरांचं बरं निभावलं. अ‍ॅन्सेलचं गुपित गावाने राखलं, तुम्हाला सुखाने जगू दिलं. मलाही तसंच लुएलासाठी...” त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत लुएलाने आणून ठेवलेली कॉफी गार झाली. “मग आता मी काय करू, सांग ना. असाच कुत्र्यासारखा धापा टाकत मरू?”

“माहीत नाही,” व्हर्लिन म्हणाला. “मंगळवार आणि शनिवार मी येईन. उचलायला दोन माणसं बरी पडतात.”

त्या दिवशी दुपारी तिघं मिळून गावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि लुएलाने तिथे, हॉबर्टच्या देखत, सगळं सरळ सांगितलं. बाई पहिल्यांदाच असं काही सरळ ऐकत असाव्यात. त्यांनी रात्रीसाठी वेगळं औषध दिलं, घरी येणारी नर्स लावून दिली. हे सगळं आधीही मिळण्यासारखं होतं. कुणी मागितलंच नव्हतं.

हॉबर्ट त्यानंतर पाच महिने जगला. सुखाने जगला असं मी म्हणणार नाही, फार हाल झाले. काही दिवस तो व्हर्लिनला शिव्या द्यायचा, काही दिवस दोघं अ‍ॅन्सेलच्या खाणीतल्या चावटपणाच्या गोष्टी काढून हसायचे आणि हसण्याने पुन्हा खोकला यायचा. मार्चमध्ये एका सकाळी तो अंथरुणातच वारला.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव. बायका लुएलाभोवती जमल्या आणि रिवाजाप्रमाणे काही न विचारता तिच्याकडे बघत राहिल्या. लुएलानेच सांगायला सुरुवात केली. पहाटे श्वास कसा बदलला, त्याने पाणी कसं मागितलं, मग तिच्या साबणाबद्दल काहीतरी बोलला आणि तिला हसू आलं, आणि हात तिच्या हातात असतानाच कसा सैल पडला. सगळं, मिनिटामिनिटाचं. एकही गोष्ट तिने गाळली नाही. ऑक्टोबरात त्याने काय करायचं ठरवलं होतं तेही तिने सांगितलं. बायका आधी खाली बघायला लागल्या. मग त्यातल्या एकीने, जिचा भाऊ दोन वर्षांपूर्वी बंदूक साफ करताना गेला होता, वर बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली.

व्हर्लिन हातात बशी घेऊन भिंतीशी उभा होता. त्याच्या आईला असं एकदाही, कुणाच्याही घोळक्यात, नवऱ्याबद्दल सांगता आलं नव्हतं. त्याने बशी टेबलावर ठेवली, बाहेर जाऊन गाडीत बसला आणि आई गेली तेव्हाही रडला नव्हता इतका रडला.